‘यू लाय!’ : असभ्य बोलणं आणि असत्य बोलणं यांतला फरक

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘अं… अं…’ आणि मागे वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढल्या आहेत, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलंय. बसमध्ये, ट्रेनमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी खास.)

आज एका आरोळीबद्दल बोलूया. फक्त दोन शब्दांची आरोळी.

तारीख ९ सप्टेंबर २००९. वॉशिंग्टनमध्ये रात्रीचे आठ वाजून गेलेत, आपल्याकडे १० तारखेची पहाट. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा अमेरिकेच्या संसदेच्या संयुक्त बैठकीत बोलतायत. तिथल्या संसदेला ‘काँग्रेस’ म्हणतात, आपल्याकडच्या पक्षाशी गल्लत करू नका. विषय आहे आरोग्यविम्याची सुधारणा. मागे उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन आणि सभापती नॅन्सी पेलोसी बसलेत. ओबामा सांगतायत की आमची योजना बेकायदा राहणाऱ्या स्थलांतरितांना विमा देणार, हा आरोप खोटा आहे; ती त्यांना लागू होणार नाही.

आणि रिपब्लिकन बाकांवरून आवाज येतो, ‘यू लाय!’

सभागृह थबकतं. पेलोसींचा चेहरा एकदम कडक होतो. ओबामा त्या दिशेने बघतात, म्हणतात, ‘हे खरं नाही’, आणि भाषण पुढे चालू ठेवतात. ओरडणारे होते साऊथ कॅरोलिनाचे खासदार जो विल्सन.

मराठीत हे सांगताना पहिलीच अडचण येते. ‘तू खोटं बोलतोस’ म्हणायचं की ‘तुम्ही खोटं बोलताय’? इंग्रजीत ‘यू’ एकच, आपल्याला मात्र आधी मान द्यायचा की नाही ते ठरवावं लागतं. आणि गंमत बघा, पुढचे कित्येक दिवस अमेरिकाही नेमकी तिथेच अडकली. विल्सन यांनी मान ठेवला की नाही, यावर सगळी चर्चा. ते म्हणत होते ते खरं की खोटं, हा प्रश्न मागे पडला.

आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय. असभ्य बोलणं ही एक गोष्ट आणि असत्य बोलणं ही दुसरी. दोन्ही एकत्र आल्या की आपलं लक्ष पहिलीकडे जातं, आणि दुसरी हळूच निसटते.

आधी थोडी पार्श्वभूमी

तेव्हा अमेरिकेत बहुतेक लोकांना विमा नोकरीतून मिळायचा. नोकरी गेली की विमा गेला. स्वतःच्या पैशाने घ्यायला गेलात आणि तुम्हाला आधीपासून मधुमेह किंवा दमा असला, तर कंपनी सरळ नाही म्हणू शकायची. ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी मात्र ‘मेडिकेअर’ नावाचा सरकारी विमा १९६५ च्या कायद्यापासून आहे.

तिथल्या जनगणना खात्याच्या आकड्यानुसार २००८ मध्ये सुमारे ४ कोटी ६३ लाख लोकांकडे विमा नव्हता. पण ९ सप्टेंबरच्या भाषणात ओबामा म्हणाले, विमा मिळू न शकणारे ‘तीन कोटींहून जास्त नागरिक’. मग बाकीचे गेले कुठे? मोठ्या आकड्यात नागरिक नसलेले लोकही धरलेले होते. स्थलांतरितांवरून वाद पेटलेला असताना ओबामांनी फक्त नागरिकांचा आकडा घेतला. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. म्हणून कुठलाही आकडा ऐकला की आधी विचारायचं : यात कोण कोण मोजलंय?

मग विल्सन यांचं म्हणणं खरं होतं का?

आता विधेयक उघडून बघू. प्रतिनिधीगृहातल्या विधेयकाचं नाव एच.आर. ३२००. त्यातलं कलम २४६ सांगत होतं की अमेरिकेत कायदेशीरपणे न राहणाऱ्या व्यक्तींसाठी विम्याचं सरकारी अनुदान मिळणार नाही. म्हणजे कागदावर ओबामांची बाजू भक्कम होती. (अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेले आपले दादा-ताई ‘कायदेशीरपणे राहणारे’ या गटात येतात. हा वाद त्यांच्याबद्दल नव्हता.)

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. विरोधकांचे दोन आक्षेप होते. पहिला : अनुदान नाही हे ठीक, पण अर्ज करणारा कायदेशीर आहे की नाही हे तपासणार कोण? तपासणी सक्तीची करणारी दुरुस्ती जुलैमध्ये समितीत नामंजूर झाली होती. दुसरा : सरकार विम्याची जी नवी बाजारपेठ उभी करणार होतं, तिथून बेकायदा राहणाऱ्या माणसाने स्वतःचे पैसे भरून विमा घेतला, तर या विधेयकात त्याला मनाई नव्हती.

हे आक्षेप फालतू नव्हते. नियम आहे पण दारावर कुणी उभं नाही, हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी योजनेबाबत आपण विचारतोच की. पण त्यावरून राष्ट्राध्यक्षांना खोटारडं ठरवता येतं का? नाही. फार तर म्हणता येईल की नियमाला पळवाट आहे. ‘पळवाट आहे’ आणि ‘खोटं बोलताय’ यात मोठं अंतर आहे. तथ्य तपासणाऱ्या ‘पॉलिटिफॅक्ट’ने विल्सन यांचा आरोप चुकीचा ठरवला.

आता गंमत ऐका. भाषणानंतर दोनच दिवसांत व्हाइट हाऊसने नियम आणखी कडक करायची भूमिका घेतली. आणि २३ मार्च २०१० रोजी ओबामांनी सही केलेल्या कायद्यात दोन्ही गोष्टी आल्या. अर्जदाराची तपासणी करायची, आणि बेकायदा राहणाऱ्यांना त्या बाजारपेठेतून स्वतःच्या पैशानेही विमा घेता येणार नाही. जी गोष्ट समितीत दुरुस्ती म्हणून शांतपणे मांडून झाली नव्हती, ती एका आरोळीनंतर झाली. ‘ओरडणाऱ्याचं काही होत नाही’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. होतं. म्हणूनच लोक ओरडतात.

माफी कशाची?

त्याच रात्री विल्सन यांनी व्हाइट हाऊसला फोन केला आणि निवेदन काढून माफी मागितली. ओबामांनी ती दुसऱ्या दिवशी स्वीकारली. पण निवेदन नीट वाचा. त्यांचं म्हणणं असं की राष्ट्राध्यक्षांच्या विधानाशी मी सहमत नाही, पण माझे शब्द अनुचित होते. म्हणजे माफी आवाजाची, आरोपाची नाही!

पुढे सभागृहात उभं राहून माफी मागायला त्यांनी नकार दिला. १५ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने नापसंतीचा ठराव केला, २४० विरुद्ध १७९ मतांनी. राष्ट्राध्यक्षांना खोटारडं म्हणणं तिथल्या नियमांत बसत नाही, जसे आपल्याकडे असंसदीय शब्द कामकाजातून काढतात तसंच. ठराव होता सभागृहाच्या शिस्तभंगाचा. कलम २४६ काय म्हणतं, यावर तो नव्हता.

दरम्यान पैशांचा पाऊस सुरू झाला होता. काही दिवसांतच विल्सन यांच्या प्रचारनिधीत दहा लाख डॉलरहून जास्त जमले. आणि त्यांच्या डेमोक्रॅट प्रतिस्पर्ध्याकडेही तेवढेच! एका बाजूला अभिमान विकला गेला, दुसऱ्या बाजूला संताप. भांडणाचा धंदा दोघांनाही परवडला.

ज्या वाक्यावर कुणी ओरडलं नाही

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. त्याच भाषणात, त्या आरोळीच्या आधी, ओबामांनी इलिनॉयमधल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. केमोथेरपी चालू असताना विमा कंपनीने त्याचा विमा रद्द केला, का, तर पित्ताशयातल्या खड्यांची माहिती त्याने आधी दिली नव्हती. ते खडे आहेत हे त्यालाच माहीत नव्हतं. उपचार लांबले, आणि त्यामुळे तो गेला, असं ओबामा म्हणाले.

सभागृह गंभीर झालं. गोष्ट होतीच तशी. पण तिचा शेवट तसा नव्हता. त्या माणसाच्या बहिणीने त्याच वर्षी जूनमध्ये संसदीय समितीपुढे साक्ष दिली होती. विमा रद्द झाला हे खरं. कारण चीड आणणारं, हेही खरं. पण राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने मध्ये पडून विमा परत सुरू करून घेतला, उपचार झाले, आणि तो त्यानंतर तीन वर्षांहून जास्त जगला. ‘उशीर झाला म्हणून मेला’ हे साक्षीत नव्हतं. नंतर पत्रकारांनी ते दाखवून दिलं.

म्हणजे एकाच भाषणात कागदाला धरून असलेल्या वाक्यावर ‘खोटं!’ अशी आरोळी आली. चुकीचं असलेलं वाक्य मात्र अत्यंत सभ्यपणे, आवाज जड करून बोललं गेलं, आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं.

वाईट याचं वाटतं की खरी गोष्ट पुरेशी होती. जीवघेणा आजार झालेल्या माणसाचा विमा कंपनी अशी तोडू शकते, एवढं सांगितलं असतं तरी मुद्दा पोचला असता. आणखी थोडं तिखट घालायच्या मोहात खऱ्या गोष्टीचीच किंमत कमी झाली.

‘डेथ पॅनल’ : शांतपणे लिहिलेली अफवा

एक महिना मागे जाऊ. ७ ऑगस्ट २००९. अलास्काच्या माजी गव्हर्नर सारा पेलिन फेसबुकवर लिहितात की ओबामांच्या अमेरिकेत माझ्या आईवडिलांना किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या माझ्या बाळाला ‘डेथ पॅनल’पुढे उभं राहावं लागेल. समाजाला त्यांचा किती उपयोग आहे ते बघून सरकारी बाबू ठरवणार, उपचार द्यायचे की नाही.

शिवी नाही, आरोळी नाही. एक आई आपल्या बाळाची काळजी करतेय असं वाटावं अशी पोस्ट.

विधेयकात असं मंडळ कुठेच नव्हतं. होतं ते कलम १२३३. ते साधं होतं. आयुष्याच्या अखेरीस कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, याबद्दल ज्येष्ठ नागरिकाला डॉक्टरशी बोलायचं असेल, तर त्या भेटीची फी मेडिकेअर देईल, पाच वर्षांतून एकदा. बोलायचं की नाही हे रुग्णाने ठरवायचं. ही भेट सक्तीची आहे असं सांगणारा प्रचार जुलैपासूनच रेडिओवर सुरू झाला होता, पेलिन यांच्या पोस्टने त्याला नाव मिळालं. आणि नाव मिळालं की अफवेला पाय फुटतात.

जॉर्जियाचे रिपब्लिकन सिनेटर जॉनी आयझॅक्सन यांनी स्वतःच्या पक्षाची पर्वा न करता सांगितलं की यातून असा अर्थ काढणं म्हणजे वेडेपणा आहे. शब्द काही फार सभ्य नव्हता, पण बोलणं खरं होतं. उपयोग? प्यू रिसर्चच्या त्या महिन्यातल्या पाहणीत, हे ऐकलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांनी डेथ पॅनल खरंच आहे असं सांगितलं. वर्षाअखेरीस पॉलिटिफॅक्टने त्याला ‘वर्षातलं सगळ्यात मोठं खोटं’ ठरवलं. पण तोवर सिनेटच्या समितीने हा विषय सोडून दिला होता, आणि शेवटी झालेल्या कायद्यात ते कलम नव्हतं.

मेडिकेअरने अशा भेटींचे पैसे द्यायला सुरुवात केली ती १ जानेवारी २०१६ पासून. सहा वर्षांहून जास्त उशीर.

इथे मी जरा थांबते. माझी आजी शेवटचे आठ दिवस व्हेंटिलेटरवर होती. बाबा आणि काका आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून एकमेकांना विचारत होते, ‘आईला काय हवं असतं?’ दोघांनाही माहीत नव्हतं. कारण आमच्या घरी हा विषय कुणी काढला की लगेच ‘शुभ बोल नाऱ्या!’ आजीने स्वतः एकदोनदा काढला होता, तेव्हाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’, म्हणजे असं इच्छापत्र आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला, पण घरात बोलणंच होत नसेल तर हक्क कागदावरच राहतो. म्हणून कलम १२३३ ची गोष्ट वाचताना मला राजकारण दिसत नाही, ते बाकडं दिसतं. एका अफवेमुळे किती घरांतलं हे बोलणं लांबलं असेल?

दुसरी बाजू पण बघूया

आता कुणी म्हणेल, हे सगळं एकाच पक्षाचं. नाही हो. २९ सप्टेंबर २००९ ला फ्लोरिडाचे डेमोक्रॅट खासदार ॲलन ग्रेसन यांनी सभागृहात फलक लावून सांगितलं की रिपब्लिकनांची आरोग्य योजना म्हणजे, आजारी पडू नका, आणि पडलात तर लवकर मरा. असभ्य तर होतंच, आणि खरंही नव्हतं. काही रिपब्लिकनांनी मे महिन्यातच आपलं वेगळं विधेयक मांडलं होतं. ते चांगलं की वाईट यावर वाद घाला, पण ‘काहीच नाही’ असं म्हणता येत नव्हतं.

आणि सभ्य असत्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण खुद्द ओबामांचंच. ‘तुमचा सध्याचा विमा तुम्हाला आवडत असेल, तर तो तसाच ठेवता येईल.’ हे आश्वासन त्यांनी कितीतरी वेळा दिलं. २०१३ च्या शरद ऋतूत लाखो लोकांच्या घरी पत्रं आली : तुमची पॉलिसी बंद होतेय. नव्या नियमांत न बसणाऱ्या पॉलिसी कंपन्यांनी बंद केल्या होत्या. ७ नोव्हेंबर २०१३ च्या मुलाखतीत ओबामांनी, आपल्या भरवशावर राहून अडचणीत आलेल्या लोकांची माफी मागितली. त्या वर्षीचं पॉलिटिफॅक्टचं ‘सगळ्यात मोठं खोटं’ हेच वाक्य ठरलं.

मग नम्र माणसाचं काय होतं?

साऊथ कॅरोलिनातलेच आणखी एक रिपब्लिकन खासदार होते, बॉब इंग्लिस. २००९ च्या उन्हाळ्यात त्यांच्या सभेत एका वयस्कर गृहस्थाने बजावलं की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावायचा नाही. इंग्लिस यांनी नम्रपणे समजावलं की अहो, मेडिकेअर सरकारच देतंय. त्या गृहस्थांना ते पटलंच नाही.

इंग्लिस ओबामांच्या योजनेचे समर्थक नव्हते. पण विल्सन यांच्यावरच्या नापसंतीच्या ठरावाला ज्या सात रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला, त्यांत ते होते. जून २०१० मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत ते मोठ्या फरकाने हरले. कारणं अनेक होती, हवामानबदलावरची त्यांची मतं, बँकांना वाचवणाऱ्या कायद्याला दिलेलं मत. विल्सन मात्र नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा निवडून आले, आणि त्यानंतरही येत राहिले.

२१ मार्च २०१० ला प्रतिनिधीगृहाने कायदा २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर केला. एकाही रिपब्लिकनने बाजूने मत दिलं नाही. त्या रात्रीही एक खासदार बोलत असताना ‘बेबी किलर’ अशी आरोळी आलीच. आणि ७ फेब्रुवारी २०२३ ला बायडन भाषण करत होते, तेव्हा ‘लायर!’ ऐकू आलं. २००९ मध्ये ज्याच्यावर ठराव झाला, ते आता मोबाइलवर क्लिप म्हणून फिरतं आणि आपण स्क्रोल करून पुढे जातो.

आपण काय करायचं?

फॅमिली ग्रुपवर, कमेंट्समध्ये, टीव्हीच्या पॅनलवर आपण रोज हेच बघतो. मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवलेत.

एक. वाद नेमक्या कुठल्या वाक्याचा आहे? ‘ओबामा खोटं बोलतात’ हे तपासता येत नाही. ‘अमुक कलमात अनुदानाला मनाई आहे’ हे तपासता येतं.

दोन. क्रियापद कोणतं? ‘करता येईल’ आणि ‘करावंच लागेल’ यात जमीनअस्मानाचा फरक असतो. अख्खं डेथ पॅनल या एका फरकावर उभं राहिलं.

तीन. माझ्या बाजूच्या माणसाने हेच केलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? हा सगळ्यात अवघड. इलिनॉयची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझे डोळे भरून आले होते. ती तपासावी असं मनातसुद्धा आलं नाही, कारण मला ती खरी असायला हवी होती.

सभ्यपणा नको असं मी म्हणत नाहीये. समोरचा ओरडत असेल तर कलम काढून वाचणं जमतच नाही, म्हणून सभ्यपणा हवा. पण गोड आवाज हा खरेपणाचा दाखला नाही, आणि चढलेला आवाज हा खोटेपणाचा पुरावा नाही. दोन्ही वेळा कागद मागायचा.

तर या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या घरच्या ग्रुपवर आलेला, तुम्हाला एकदम पटलेला एक मेसेज घ्या. न पटलेला नव्हे हं, पटलेला! तो या तीन प्रश्नांतून काढा आणि काय सापडलं ते व्हॉइस नोटवर पाठवा. आणि जमलं तर आजी-आजोबांना विचारा, त्यांना शेवटी काय हवंय. कुणी ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हटलं तर म्हणू द्या, पण विचारा.

पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत काळजी घ्या!